पाण्याचा आळ

उन्हाळ्यात बांधाची मोरी बंद झाली की आमच्या घरातला एक आवाज कमी व्हायचा. मोहदरीत नदीला सर्वांत जवळचं घर आमचं, इतकं जवळ की बांधातून खाली पडणारं पाणी चुलीपाशी बसून ऐकू यायचं. माय भाकर थापत असे. पाणी थांबलं की तिचे हात थांबत, ती मान तिरपी करून ऐके आणि म्हणे, "झाली बंद." मग भाकर तव्यावर पडे. बाबा ओट्यावर असले तर उठून कुडाच्या कडेनं नदीकडे एकदा पाहून घेत. मोरी कोण बंद करणार हे सगळ्यांना ठाऊक असे, दिवसही ठरलेला असे, तरी बाबा पाहायचेच. आमच्या घरात पाण्याकडे असंच पाहत. घरच्या माणसाकडे पाहतात तसं नव्हे. दारात येऊन उभ्या राहिलेल्या आणि अजून नाव न सांगितलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

मोहदरी हे आम्हा गोंडांचं गाव, आर्वीकडून येताना जंगल लागतं तिथलं. नदी आमच्याकडून वळून खाली निमखेडला जाते. निमखेड बौद्धांचं आणि कुणब्यांचं. होळीनंतर नदी वाहायची थांबे आणि उरे तो आमच्या गावाजवळचा डोह. म्हणून दिवाळी झाली की दोन्ही गावं मिळून डोहाच्या तोंडाशी बांध घालत. नदीतले गोटे, काळी माती, पळसाच्या फांद्या. बांधाच्या पोटात दगड रचून एक मोरी ठेवत आणि तिच्यात गवत पिळून, चिकणमाती लिंपून केलेला बोळा ठोकत. बोळा बसला की पाणी आमच्या डोहात थांबे. काढला की ते निमखेडच्या झिऱ्यांत, म्हणजे वाळूत खणलेल्या खड्ड्यांत, उतरे. रोहण्याच्या एका आठवडी बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत पाणी आमचं, पुढच्या बाजारापर्यंत त्यांचं. हे कुठल्या कचेरीनं ठरवलेलं नव्हतं. दोन्ही गावांचे पंच बांधावर बसत, आमच्या गावचा प्रमुख म्हणजे मुकद्दम एका टोकाला, त्यांचे जाणते दुसऱ्या टोकाला, आणि तिथे झालेला शब्द आर्वीच्या शिक्क्यापेक्षा जड मानला जाई. त्या शब्दांत एक सर्वांत जुना होता: ज्याचं जाते त्यानं हात लावायचा, ज्याले भेटते त्यानं नाई. मोरी उघडली की पाणी आमचं जाणार, म्हणून उघडायची आमच्या माणसानं. बंद केली की निमखेडचं थांबणार, म्हणून बंद करायची निमखेडच्या माणसानं. मिळणाऱ्यानं बोळ्याला बोटही लावायचं नाही.

आजकाल आमच्याकडे सभा होतात, शहरातून शिकलेली माणसं येतात, आणि आमची पोरंही त्यांचं ऐकून सांगतात की आपले पूर्वज एकमेकांवर विश्वास ठेवून नदी सांभाळत. मला तसं आठवत नाही. मी पाहिलेले म्हातारे एकमेकांवर मुळीच विश्वास ठेवत नव्हते. मोहदरीला वाटे निमखेडवाले पाणी चोरतात, निमखेडला वाटे मोहदरीवाले अर्धाच बोळा काढतात. त्यांचं शहाणपण एवढंच की त्यांनी तो संशय नियमात बांधून ठेवला होता, खुंट्याला बैल बांधावा तसा. बैल मारका होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खुंटा उपटला तो मी.

उघडण्याचं काम बाबांकडे होतं. बंद करण्याचं निमखेडच्या देवाजींकडे. या दोघांना पाणभाऊ म्हणत. एकाच्या घरी लग्न असलं की दुसऱ्याच्या घरून मोहाच्या पत्रावळी जात, एकाच्या घरी मयत झाली की दुसरा खांदा देई. देवाजीकाका एक पाय ओढत चालायचे. लहानपणी बैलगाडीखाली आला होता म्हणत. मोरी बंद करून ते सरळ आमच्या ओट्यावर येत आणि दुपट्ट्यानं मानेवरचा घाम पुसत.

"वहिनी, तुमचं पाणी बांधून देल्लं बापा. आता भाकर वाढा."

"वाढतो, पण नीट लिंपली काय? मांगच्या डावाले टपटप आयकू येत होतं," माय आतून म्हणे.

"तो लिंपते इथी आन् खाली जाऊन भोक पाडते," बाबा म्हणत.

"आन् तू उघडतं तवा अर्धा बोळा आतच ठेवतं, मले माईत नाई काय?"

दोघं हसत. हसताना दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत. मग ज्वारीची भाकर, डोहातल्या बारक्या माशांचं कालवण नाहीतर चिवळीची भाजी, एका ताटात दोघांना. निमखेडच्या काही घरांत देवाजीकाकांना तेव्हाही अंगणातच पाणी मिळे, हे मला माहीत होतं. आमच्याकडे ते चुलीपर्यंत येत.

हंगामाच्या सुरुवातीला दोन्ही पाणभाऊ डोहाचं पाणी ओंजळीत घेऊन बडादेवाची आण घेत. देवाजीकाकांच्या घरानं धम्म घेतला त्या वर्षी ते म्हणाले होते, "मी आता देवाची आण घेत नाई. माझा होकार घ्या." पंचांत बरीच कुजबुज झाली होती. शेवटी मुकद्दम म्हणाला, "ओंजळीतलं पाणी बी खालीच सांडते. चालन होकार." तेव्हापासून बाबा आण घेत आणि देवाजीकाका नुसतं "हो" म्हणत. ही गोष्ट आमच्या पंचांचा मोठेपणा म्हणून आमच्याकडे सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

डोहाच्या मधोमध म्हशीच्या पाठीसारखा काळा खडक आहे. आम्ही त्याला म्हैसच म्हणायचो. म्हशीची पाठ दिसली की पाणी जपायचं, हा हिशेब पोराटोरांनाही कळे. त्या वर्षी मोहाची फुलं अजून पडत होती, अंगणाअंगणात सुकत घातलेल्या फुलांचा आंबूस गोड वास होता, आणि म्हशीची पाठ उघडी पडली. बोळा जागेवर. बांध कोरडा. तरी पाणी जात होतं. पहिल्यांदा कोणी काही बोललं नाही. मग बायका पाणी भरून येताना बोलू लागल्या, मग सोनबाकाका बोलले. सोनबाकाका बाबांचे चुलतभाऊ. मोरीचं काम आपल्याकडे यावं असं त्यांना फार वाटे.

"रात्री तर सारं गाव वाळूतच झोपते," ते म्हणाले. "म्हंजे चोर दुपारी येते. उन्हाच्या पारी कुत्रं बी बाहीर निघत नाई."

"बोळा तर जसाच्या तसा हाय," बाबा म्हणाले.

"लिंपाले ज्याचा हात बसला हाय, त्याले काढून परत लिंपाले कितीसा वेळ लागते?"

त्यांनी नाव घेतलं नाही. त्या उन्हाळ्यात कोणीच नाव घेत नव्हतं. मोरीची माती ओली दिसली तरी संशय, वाळलेली दिसली तरी संशय. देवाजीकाका त्या आठवड्यात आमच्याकडे आले तेव्हा मायनं ताट वाढलं, पण चिखल लागलेल्या त्यांच्या पायांकडे तिनं पाहिलेलं मी पाहिलं. नदीकाठच्या माणसाच्या पायाला चिखल असायचाच.

पंचांनी दुपारची राखण लावली. जवान पोरांच्या पाळ्या ठरल्या. मी आर्वीला मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, नोकरीची वाट पाहत. मला पाळी टाळता येण्यासारखी नव्हती. बांधाजवळच्या करंजाच्या सावलीत बसायचं आणि मोरीवर नजर ठेवायची. माझ्या दुसऱ्या पाळीला मी बसलो, आणि बसल्या बसल्या मला आठवलं की देवाजीकाकांच्या प्रल्हादनं नवा रेडिओ आणला आहे. प्रल्हाद माझा शाळासोबती. दुपारी फर्माइशी गाणी लागत. डोहावर चिटपाखरू नव्हतं. मी स्वतःला म्हणालो, चोर निमखेडचाच आहे ना, मग निमखेडला जाऊन बसणं हीसुद्धा राखणच. तरुणपणी माणूस स्वतःला किती लवकर पटवतो! नदीच्या कडेनं मी खाली निघालो.

त्या दुपारची एकेक गोष्ट मला दिसते. प्रल्हादचा रेडिओ खाटेवर उशीला टेकवून ठेवलेला. काकूंनी दिलेल्या ज्वारीच्या कण्या आणि ताक. आणि देवाजीकाका माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, अंबाडीचा दोर वळत बसलेले. पायाच्या अंगठ्यात धरलेलं टोक, तळहातांचा घासल्याचा आवाज, मधूनच थुंकी लावणं. मी गेलो तेव्हा ते तिथे होते, मी निघालो तेव्हाही तिथेच होते.

"आज तुही पाळी नाई काय रे, सुखदेव?" त्यांनी दोरावरची नजर न काढता विचारलं.

"बदलली, काकाजी. सोनबाकाका बसले."

"सोनबा बसला? भर उन्हाचा?" आता त्यांनी मान वर केली. "थो तर सावलीतबी दुसऱ्यालेच बसवते."

प्रल्हाद हसला, मीही हसलो. काका हसले नाहीत. "बापाले सांगून आला ना?"

"हो."

त्यांना पटलं नव्हतं हे मला दिसलं. पण त्यांनी दोर पुन्हा वळायला घेतला.

उन्हं कलल्यावर परत आलो तर बांधावर मुकद्दम, सोनबाकाका, बाबा आणि आणखी चारदोन माणसं. म्हशीच्या अंगावर सकाळी कोळशानं ओढलेली खूण पाण्याच्या बरीच वर आली होती. मी करंजाखालून उठून आलो असं त्यांना वाटलं, कारण मी त्याच बाजूनं आलो.

"दिसलं काय कोणी?" मुकद्दमनं विचारलं.

नाही म्हटलं असतं तर पाणी कुठे गेलं याचं उत्तर माझ्याकडेच मागितलं असतं. मी नव्हतो असं म्हटलं असतं तर मोरीवाल्याचा पोरगा राखण सोडून पळाला असं झालं असतं, आणि सोनबाकाका समोरच उभे होते. मी म्हणालो, "एक माणूस दिसला. दुरून."

"इकडला का तिकडला?"

"तिकडून आला."

"डोक्याले काय होतं?" हे सोनबाकाका.

"दुपट्टा."

दुपट्टा तर त्या घडीला माझ्यापुढे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्याला होता.

"पाय ओढत होता काय?"

"नीट नाई दिसलं. ऊन डोयावर होतं."

"म्हंजे ओढत होता," सोनबाकाका म्हणाले, आणि सगळे माझ्याकडे असं पाहू लागले जणू मी नाव घेतलं होतं.

मी नाव घेतलं नव्हतं. हे वाक्य मी पुढे अल्लीपूरला मास्तरकी करताना, लग्नात, आजारपणात, किती वेळा मनाशी म्हटलं असेल. खरंच घेतलं नव्हतं. नाव त्यांच्याकडे तयारच होतं. त्यांना फक्त ते ठेवायला जागा हवी होती, आणि मी ती दिली. घरी जेवताना बाबांनी एकदाच विचारलं, "तू पाह्यलं?" मी "हो" म्हणालो. "बोळ्याले हात लावताना?" मी म्हणालो, "बांधावर." त्यांनी पुढचा घास घेतला. माय दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती.

दोन्ही गावं बांधावर जमली. निमखेडचे लोक तापलेलेच आले होते. "पाणी आमच्याकडे आलं असतं तर आमचे झिरे कोरडे काऊन हायेत? चाला, आत्ता पाहून घ्या," त्यांचा एक जाणता म्हणाला.

"वाळूत जिरवलं असन," सोनबाकाका म्हणाले.

"तुमच्यावर राग म्हणून आमी आमचंच पाणी वाळूत जिरवून राह्यलो काय बे?"

थोडे लोक हसले. मुकद्दमनं हात वर केला. तो देवाजीकाकांकडे वळला. "देवाजी, पाण्यात हात घाल आन् आण घे, का मी मोरीले हात नाई लावला. मिटलं."

देवाजीकाका उठून उभे राहिले. "मुकद्दम, इतके वर्स तुमी माझा होकार चालवला. आता माझा नकार काऊन नाई चालत?"

"आता गोष्ट येगळी हाय."

"गोष्ट थेच हाय. नजर येगळी झाली."

गर्दीत कोणीतरी म्हणालं, खरा असता तर घेतली असती आण. हे वाक्य एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलेलं मी ऐकलं. मुकद्दमलाही ते ऐकू गेलं असणार. तो म्हणाला, "बरं, त्या दुपारी कुठी होता?"

"घरी."

"संगं कोण होतं?"

तेव्हा देवाजीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अरुंद वाटेवर आपण थांबून समोरच्याला आधी जाऊ देतो, तसं. त्यांच्या मागे बसलेला प्रल्हाद उठायला लागला. काकांनी मागे हात नेऊन त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं. मी बांधातल्या एका पळसाच्या वाळक्या फांदीकडे पाहत राहिलो. देवाजीकाका म्हणाले, "घरचे होते."

आमच्याकडे एक शेवटची वाट असायची. एकाच्या शब्दावर संशय आला तर त्याचा पाणभाऊ म्हणू शके, माझा शब्द याच्यासाठी. मग पंचांना पुढे जाता येत नसे. मुकद्दमनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. "सुखदेव, तू पाह्यलं ना?" त्यांचा आवाज असा होता की आजही मला वाटतं, ते 'नाही' हे उत्तर ऐकायला विचारत होते. मी मान हलवली. बाबा पाण्याकडे पाहत म्हणाले, "माझ्याजवळ शब्द नाई."

देवाजीकाकांनी दुपट्टा झटकला. "मोरी मी नीट लिंपली होती, भाऊ," एवढंच ते बाबांना म्हणाले आणि पाय ओढत खाली उतरले. निमखेडची माणसं एकेक करत त्यांच्या मागे गेली. त्यानंतर दोन्ही गावं त्या बांधावर कधी एकत्र बसली नाहीत.

पाणी मात्र जातच राहिलं. निमखेडचं कोणी फिरकत नव्हतं, आमची पोरं आता खरोखर राखण करत होती, तरी म्हैस उघडी पडतच होती. सोनबाकाका म्हणत, त्यांनी काहीतरी करणी केली असेल. एके दिवशी माय जेवायला वाढत होती. चिवळीची भाजी होती, कोवळी, लसणाची फोडणी दिलेली. बाबा म्हणाले, "एवढ्या उन्हात चिवळ कुठची आणली?"

"आमच्या घाटामांगची. यंदा मायंदळ आली. पाय फसते तिथी."

बायांचा घाट म्हणजे डोहाच्या आमच्याच काठावरची, जांभळांच्या आडोशाची जागा. बाया तिथे आंघोळ करत, धुणं धूत. पुरुषानं त्या बाजूला जायचं नसे. पंच सगळे पुरुष. बांधाचा दगड न् दगड त्यांनी तपासला होता, निमखेडची वाळू चाळायलाही ते तयार होते, पण जांभळांच्या मागे कोणी गेलं नव्हतं. बाबांचा घास हातातच राहिला.

"कवापासून फसते?"

"मोहं पडाले लागले तवापासून."

"मंग बोलली काऊन नाई?"

"मले कोणं इचारलं?" माय म्हणाली. "पंचायतीत बायांले बसू देता काय तुमी?"

ती नुसतीच भाजीबद्दल बोलत होती का, की तिला कधीचं सगळं कळलं होतं, हे मी तिला पुढे विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात तिनं पुन्हा चिवळ शिजवली नाही एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी बायांना आधी निरोप देऊन, खाकरत खाकरत, बाबा मला घेऊन तिथे गेले. जांभळाच्या मुळांखाली खेकड्यांनी बिळंच बिळं केली होती. बाबांनी एका बिळात हात घातला तो कोपरापर्यंत गेला आणि ओला बाहेर आला. डोहाचं पाणी त्या वाटेनं मागच्या खोलगट जागेत उतरत होतं आणि तिथे हिरवीगार चिवळ माजली होती. चोरीचं पाणी सारं गाव भाकरीशी खात होतं. बाबा खाली बसले. मला वाटलं ते आता उठतील आणि सरळ निमखेडला जातील. ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "गोटे आण. माती भरू."

"आन् पंचायले?"

"पंचांचा शब्द गेला तो गेला. आता खोटा पडला तर उद्या त्याले कोण मानन? कोणाले बोलू नोको."

माझ्या तोंडाशी आलं होतं की त्या दुपारी देवाजीकाका माझ्यासमोर दोर वळत होते. बाबांनी गप्प राहायला सांगितलं आणि मला सुटल्यासारखं झालं. ही सुटका आठवली की मला अजूनही स्वतःची किळस येते. आम्ही बाप-लेकानं बिळं बुजवली. पाणी थांबलं. आणि गावात काय म्हणू लागले? पाहा, निमखेडवाल्यांना हाकललं तर कसं पाणी टिकलं! आमच्या मातीनं देवाजीकाकांवरचा आळ पक्का केला.

पुढच्या दिवाळीत निमखेडचं कोणी बांध घालायला आलं नाही. त्यांनी खाली विहिरी खणल्या, मग मोटारी आल्या, मग आमच्याकडेही आल्या. सरकारनं सिमेंटचा बंधारा बांधला, तो गाळानं भरला. डोहात आता उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात. देवाजीकाका वारले तेव्हा बाबा खांदा द्यायला निघाले होते. वेशीपर्यंत गेले आणि परत आले. बाबा वारले तेव्हा निमखेडहून कोणी आलं नाही.

आता दोन्ही गावच्या ग्रामसभांनी मिळून नदीची समिती करायचं ठरवलं आहे. वनहक्काचे पट्टे मिळाल्यापासून पोरांना धीर आला आहे. डोहातला गाळ काढायचा, जुना नियम पुन्हा लावायचा. आमच्याकडून पुढे आहे ती सरिता, माझ्या धाकट्या भावाची नात. मोहदरीच्या सभेत मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. सोनबाकाकांचा नातू उभा राहून म्हणाला, "त्यायच्या संगं कायची समिती? त्यायच्या आज्यानं पाणी चोरलं म्हणून तर पंचायत मोडली. जुना नियम लावाचा तर अगोदर चोराले ओळखा." कोणी त्याला अडवलं नाही. मग सरितानंच, वाद थांबावा म्हणून, समितीला माझ्या बाबांचं नाव द्यावं असं सुचवलं. शेवटचा मोरीवाला. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी निमखेडला प्रल्हादकडे गेलो. तो एसटीतून निवृत्त झाला आहे. मी ओट्यावर बसलो, पाणी मागितलं, आणि त्या दुपारबद्दल बोललो.

"हे मले काय सांगतं?" प्रल्हाद म्हणाला. "मी तिथीसाच होतो. आमच्या गावात लहान पोट्ट्यालेबी माईत हाय, मोहदरीचा मास्तर खोटं बोलला म्हणून. पण आताच काऊन आला? समितीले आमच्या सभेचा ठराव पायजे म्हणून?"

मी नाही म्हणालो. पण त्याला पटलं नाही, आणि मी विचार करू लागलो तेव्हा मलाही पूर्ण पटलं नाही.

"आमचे बाबा मरेपर्यंत म्हणत, त्याच्या तोंडून येऊ दे," तो म्हणाला. "तर येऊ दे. तुमच्या गावात बोल. मी येतो आयकाले."

समितीची बैठक बंधाऱ्याजवळ झाली. सतरंज्या घातल्या होत्या. प्रल्हाद आला, पण बसला नाही. "मी बसाले नाई आलो," तो म्हणाला आणि काठीवर टेकून कडेला उभा राहिला. मी बोललो. रेडिओ, कण्या, दोर, दुपट्टा, सगळं. मग खेकडे आणि जांभळाखालची बिळं. हे प्रल्हादही पहिल्यांदाच ऐकत होता. माझं झालं. सोनबाकाकांचा नातू शेजाऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "बुढ्याले तिकडच्यायनं पढवलं हाय." दुसरा म्हणाला, "या वयात मानसाले काईबी आठवते बापा." मी त्यांना दोष देऊ शकत नव्हतो. मी त्यांच्या आज्यांना जे शिकवलं तेच ते करत होते.

सरिता माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातात समितीच्या नावाचा फलक होता, बाबांचं नाव रंगवलेला.

"आजोबा, बिळं तुमी एकट्यानं बुजवली?"

मी हो म्हणू शकलो असतो. माझ्या वाट्याचं मी सांगितलं होतं. बाबांना मेल्यावर ओढायची काय गरज, असं मनात आलं. गेली कित्येक वर्षं मला जे जे सोयीचं होतं ते असंच शहाणपणाच्या वेशात आलेलं आहे.

"नाई," मी म्हणालो. "बाबा होते संगं. त्यायले समदं माईत झालं होतं. त्यायनंच मले गप्प राहाले सांगतलं."

सोनबाकाकांचा नातू उठला आणि चालता झाला, त्याच्या मागे आणखी काही. एक म्हातारी माझ्याकडे पाहून जमिनीवर थुंकली. सरितानं फलक पालथा करून सतरंजीवर ठेवला. मग मला कडेला हालचाल जाणवली. प्रल्हादनं काठी आडवी ठेवली होती आणि एका हातानं जमीन चाचपत तो खाली बसत होता.